आजारातून उठलेली, पिसं झडलेली कोंबडी: तिला सावरायला किती खर्च येतो?

पावसाळा सरत आला की परसात कोंबड्या पाळणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार सुरू होते. कोंबडी देवीतून किंवा सर्दी-घरघरीतून नुकती कुठे उठली, दाणे टिपायला लागली, आणि तेवढ्यात अंगावरची पिसं झडायला लागली. मान उघडी पडली, पाठीवर ठिगळं दिसू लागली, शेपटी गेली, अंडं तर केव्हाच बंद झालं. सकाळी खुराडं उघडावं तर आत पिसांचा खच. आजार उलटला असं समजून माणूस दुकानात जातो आणि टॉनिक, लिव्हर टॉनिक, एखादी अँटिबायोटिकची पुडी असं चार-पाचशे रुपयांचं सामान घेऊन येतो. त्यातलं बरंचसं त्या कोंबडीच्या उपयोगाचं नसतं. तिला हवं असतं प्रथिनांचं खाणं, कोरडी जागा आणि दोन-अडीच महिन्यांची सवड. यातल्या कशावर पैसे घालायचे आणि कुठे हात आखडायचा, ते इथे मांडतो आहे. दिलेले भाव ढोबळ आहेत. गावागणिक ते थोडे वर-खाली होतील, पण हिशेबाची रीत तीच राहील.

आधी खात्री करा: ही पीसगळच आहे ना?

कोंबडी साधारण सव्वा ते दीड वर्षाची झाली की पहिल्यांदा सगळी पिसं टाकते आणि पुढे दरवर्षी टाकते. दिवस लहान होऊ लागले की शरीराला त्याचा इशारा मिळतो. मुंबई-पुण्याकडे जूनमध्ये सव्वातेरा तासांचा असलेला दिवस डिसेंबरात अकरा तासांवर येतो, म्हणून आपल्याकडे भाद्रपदापासून मार्गशीर्षापर्यंत झडलेल्या कोंबड्या जास्त दिसतात. पण शरीरावर मोठा ताण आला तर अवेळीही पिसं जातात. ताप येऊन गेला, आठवडाभर खाणं तुटलं, उन्हाळ्यात एक दिवस पाणी मिळालं नाही किंवा कोंबडी खुडूक बसून उठली, यातलं काहीही कारण पुरतं. आजारपणानंतरची पीसगळ ती हीच. ती स्वतः आजार नाही, पण आधीच खंगलेल्या शरीरावर पडलेला तो मोठा खर्च आहे.

खरी पीसगळ क्रमाने होते. आधी डोकं आणि मान, मग छाती-पाठ, मग पंख, शेवटी शेपटी. उघड्या कातडीवर आठ-दहा दिवसांत निळसर काट्यांसारखे कोंब दिसू लागतात. हे कोंब दिसले की निम्मी काळजी मिटली असं समजा.

क्रम चुकत असेल तर कारण वेगळं आहे. फक्त पाठ आणि मानेचा मागचा भाग उघडा असेल तर कोंबडा फार अंगावर चढतो आहे. फक्त छाती उघडी असेल तर ती खुडूक आहे. शेपटीच्या मुळाशी पिसं तुटलेली, कुरतडलेली दिसत असतील तर बाकीच्या कोंबड्या चोच मारताहेत. आणि गुदद्वाराभोवती पिसांच्या बुडाशी पांढरट गोळे चिकटलेले असतील तर त्या उवांच्या लिखा आहेत. एक तपासणी मात्र रात्रीच करावी लागते. विजेरी घेऊन खुराड्यातली बसायची काठी खालून बघा, तिच्या फटी बघा. लाल माइट नावाचे बारीक किडे दिवसा फटीत लपतात आणि रात्री कोंबडीचं रक्त पितात. पांढरा कागद काठीखालून घासला आणि त्यावर लाल रेघ उमटली तर ते आहेत. कितीही टॉनिक पाजा, हे किडे गेल्याशिवाय कोंबडी सावरणार नाही. विजेरीच्या या पाच मिनिटांना पैसा लागत नाही आणि पुढचा बराच खर्च वाचतो.

पहिला खर्च डॉक्टरचा

आजार खरंच संपला आहे का, हे ठरवण्यासाठी जे पैसे जातील ते सगळ्यात सार्थकी लागलेले पैसे. घरी तीन गोष्टी पाहता येतात. छातीचं मधलं हाड बोटांनी चाचपा. त्याच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेलं असावं. हाड सुरीच्या पात्यासारखं हाताला लागलं तर कोंबडी फार खंगली आहे. गळ्याखालची अन्नपिशवी संध्याकाळी भरलेली आणि पहाटे रिकामी असायला हवी. पहाटेही ती कणकेच्या गोळ्यासारखी घट्ट किंवा आंबूस वासाची पाण्याने भरलेली असेल तर अन्न पुढे सरकत नाही. तिसरी विष्ठा. राखाडी-तपकिरी आणि वर पांढरी टोपी असलेली विष्ठा ठीक. हिरवीगार पातळ विष्ठा उपाशीपोटीही होते आणि मानमोडी म्हणजे राणीखेत रोगातही होते. विष्ठेत रक्त दिसलं तर रक्ती हगवणीची शंका घ्यायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

गावाकडे जिल्हा परिषदेचा किंवा राज्य शासनाचा पशुवैद्यकीय दवाखाना असतो. तिथे तपासणीचं शुल्क नाममात्र असतं. कोंबडी नेणं जमत नसेल तर १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फोन करून फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करा. कोंबडीसाठी कसला डॉक्टर, असं म्हणून संकोचू नका. जाताना त्या दिवशीची ताजी विष्ठा लहान डबीत घेऊन जा. सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी किंवा रक्ती हगवणीचे कॉक्सिडिया दिसतात आणि अंदाजाने दिलेल्या तीन औषधांऐवजी नेमकं एक औषध मिळतं. मुंबईत परळला, तसंच नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. त्यांच्या दवाखान्यांतही पक्षी तपासले जातात. शहरात पक्षी बघणारे खासगी डॉक्टर साधारण ५०० ते १००० रुपये तपासणी घेतात. एका कोंबडीसाठी ही रक्कम मोठी वाटते हे खरं, पण पाच-सहा कोंबड्यांच्या खुराड्यात एक आजारी असेल तर ती तपासणी सहाही जणींची असते.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. एकापाठोपाठ एक कोंबड्या मरत असतील, तुरे काळे-निळे पडत असतील, डोकी सुजत असतील तर घरी उपचार करत बसू नका. मेलेली कोंबडी पिशवीत घालून गावभर फिरवू नका, विकू नका, शिजवू तर मुळीच नका. पशुसंवर्धन विभागाला कळवा. देशातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक २००६ मध्ये आपल्याच नवापुरात झाला आणि २०२१ च्या जानेवारीत परभणीजवळच्या मुरुंब्यात तो पुन्हा आला. लपवलेल्या मरतुकीची किंमत सगळ्या गावाला मोजावी लागते.

निवारा: पन्नास रुपयांत होणारं काम

आजारातून उठलेल्या कोंबडीला आठ-दहा दिवस वेगळं ठेवा. किराणा दुकानातलं मोठं खोकं किंवा घरातलं डालगं पुरतं. नवं बांबूचं डालगं दीड-दोनशे रुपयांना मिळतं. खाली भाताचा तूस किंवा लाकडाचा भुसा दोन-तीन बोटं जाडीचा पसरा. भाताच्या गिरणीवर तूस वीस-तीस रुपयांना पोतंभर मिळतो, कोकणात तर कित्येकदा फुकट. नुसतं वर्तमानपत्र अंथरू नका, त्यावर अशक्त कोंबडीचे पाय घसरतात.

उबेचं गणित प्रदेशावर अवलंबून आहे. कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या पुढे असतं आणि पिसं नसताना ते टिकवायला तिला खाल्लेलं अन्न जाळावं लागतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात ऑक्टोबरात पिसं झडलेल्या पण खात्यापित्या कोंबडीला दिव्याची गरज नाही, वारा अडवला तरी पुरे. निफाडच्या किंवा महाबळेश्वरच्या पौषातल्या रात्री मात्र गरज आहे. ४० किंवा ६० वॅटचा तारेचा जुना बल्ब लागतो. एलईडी लावून उपयोग नाही, तो उजेड देतो, ऊब देत नाही. हल्ली तारेचा बल्ब सहज मिळत नाही. पोल्ट्रीचं सामान विकणाऱ्या दुकानात विचारा, साठ ते शंभर रुपयांपर्यंत मिळेल. ६० वॅटचा बल्ब रात्री दहा तास जळला तर ०.६ युनिट वीज लागते. युनिट आठ रुपयांचं धरलं तर रात्रीचे पाच रुपये, आठवड्याचे पस्तीस. बल्ब तुसापासून किमान हातभर उंच, तारेने पक्का बांधा आणि खोक्याच्या एकाच कोपऱ्यात ठेवा, म्हणजे गरम झालं तर कोंबडी दुसरीकडे सरकेल. ती चोच उघडून धापा टाकत असेल तर उकडतं आहे.

या दिवसांत तिला उगाच उचलू नका. नव्या पिसांच्या कोंबांत रक्त खेळत असतं, दाबले तर दुखतात आणि मोडले तर रक्त येतं. मुलांना हे आधीच समजावून सांगा, कारण आजारी कोंबडीला मांडीवर घेऊन बसण्याचा मोह त्यांनाच होतो. औषध देण्यासाठी उचलावंच लागलं तर संध्याकाळी अंधार पडल्यावर, दोन्ही हातांनी पंख अंगाशी धरून उचला.

खाणं: सगळा प्रश्न इथे आहे

पीस म्हणजे जवळजवळ निव्वळ प्रथिन. त्यात ८५ टक्क्यांहून अधिक केराटिन असतं. दीड किलोच्या कोंबडीच्या अंगावर साधारण ७५ ते ९० ग्रॅम पिसं असतात. म्हणजे सत्तर-ऐंशी ग्रॅम प्रथिन तिला दोन-अडीच महिन्यांत नव्याने कातडीबाहेर काढायचं आहे. रोजच्या गरजा आणि आजारात झिजलेलं मांस यांच्याव्यतिरिक्त हा भार आहे. शिवाय पिसांना गंधकयुक्त अमिनो आम्लं लागतात, मिथिओनिन आणि सिस्टिन. ती धान्यात कमी असतात. अंडं याच काळात का बंद होतं याचं उत्तर इथेच मिळतं. दोन्ही कारखाने एकदम चालवण्याइतका कच्चा माल तिच्याकडे नसतो.

आता आपण घालतो काय ते पाहा. बहुतेक घरांत सकाळी मूठभर ज्वारी किंवा तांदळाच्या कण्या, दुपारी शिळी भाकरी, संध्याकाळी पुन्हा दाणे. ज्वारीत साधारण १० टक्के प्रथिनं, तांदळात ७, मक्यात ९, बाजरीत ११-१२. कोंबडी दिवसाला १०० ते ११० ग्रॅम खाते, म्हणजे तिच्या पोटात दहा-अकरा ग्रॅम प्रथिन गेलं. या काळात तिला सतरा-अठरा ग्रॅमच्या पुढे हवं. बाकीचं ती मोकळी फिरत असेल तर किडे, वाळवी, नाकतोडे खाऊन मिळवते. पण आजारी म्हणून आपण तिला खोक्यात कोंडलेलं असतं आणि नेमक्या त्याच काळात हा मार्ग बंद होतो. आजारातून बरी झालेली कोंबडी खोक्यातच का सुकते, याचं एक मोठं कारण हे आहे.

ही सहा-सात ग्रॅमची तूट भरून काढायला काय पडतं? एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिन असतं. बाजारातलं पोल्ट्रीचं अंडं सहा-सात रुपयांना मिळतं. उकडून, कुस्करून दिलं तर आजारी कोंबडीही ते आवडीने खाते. स्वतःचंच अंडं खायला घातलं तर ती अंडी फोडायला शिकेल ही भीती अनाठायी आहे, फक्त कच्चं देऊ नका आणि कवचासकट अख्खं पुढे टाकू नका. सुका जवळा कोकणात आणि मुंबईत सहज मिळतो. किलोला चारशे रुपये धरले तर रोजचे बारा-तेरा ग्रॅम पाच रुपयांचे होतात. मात्र जवळा बिनमिठाचा, उन्हात वाळवलेला हवा. खारवलेला बांगडा किंवा बोंबील देऊ नका, जास्त मीठ कोंबडीला विषासारखं बाधतं. शंका असेल तर जवळा दोन पाण्यांत धुऊन पुन्हा वाळवा. देशावर जवळा महाग पडतो, तिथे मटकी बरी. तीस ग्रॅम मटकी मोड आणून, वाफवून दिली की साधारण सात ग्रॅम प्रथिन मिळतं आणि साडेतीन-चार रुपये लागतात. कच्चं सोयाबीन कधीही देऊ नका, त्यातला एक घटक प्रथिन पचूच देत नाही. शिजवलेलं चालतं. शेंगदाण्याची पेंड ताजी असेल तरच द्या. कुबट वास आलेल्या पेंडीत बुरशीचं अफ्लाटॉक्सिन असू शकतं, आणि आजारातून उठलेल्या कोंबडीचं यकृत तेवढ्यानेही कोलमडतं.

अझोला या पाण्यावर वाढणाऱ्या वनस्पतीबद्दल बरंच ऐकू येतं. तो चांगलाच आहे, पण त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. शंभर ग्रॅम ओला अझोला खाऊन जेमतेम दीड-दोन ग्रॅम प्रथिन मिळतं. हिरवा चारा म्हणून घाला, प्रथिनाचा हिशेब त्याच्यावर टाकू नका.

सगळ्यात सोपा आणि स्वस्त उपाय खाद्याच्या दुकानात आहे, तो म्हणजे पिलांचं स्टार्टर खाद्य. त्यात साधारण २० टक्के प्रथिनं असतात आणि मिथिओनिनही मोजून घातलेलं असतं. किलोला चाळीस-पंचेचाळीस रुपये, म्हणजे कोंबडीमागे रोजचे पाच रुपये. ज्वारी आणि वर अंडं असा रोजचा मेळ घातला तर दहा रुपयांच्या पुढे जातो. दुकानदार पन्नास किलोचं पोतं घ्यायला सांगेल. सुटं, महिनाभर पुरेल एवढंच घ्या, कारण दमट हवेत खाद्य महिन्याभरात कुबट होतं. पोत्यावरची चिठ्ठी वाचा. पिलांच्या खाद्यात पुष्कळदा रक्ती हगवण रोखणारं औषध मिसळलेलं असतं. अंडं बंद आहे तोवर त्याचा आपल्याला त्रास नाही, पण पिसं भरत आली, तुरा लाल होऊ लागला की ते खाद्य थांबवा. अंडी घरात खायची आहेत.

अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेअर खाद्य या काळात का नको? त्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं. ते अंड्याच्या कवचासाठी असतं, आणि कवच तयारच होत नसेल तर जादा कॅल्शियम मूत्रपिंडांवर पडतं. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. जिला लागेल ती खाईल.

पहिल्या दोन-तीन दिवसांत कोंबडी फार अशक्त असेल तर यातलं काहीच नको. लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर किंवा गूळ आणि अर्धा चमचा मीठ, किंवा वीस-बावीस रुपयांची ओआरएसची पुडी. रोज ताजं करा, तीन दिवसांपुढे नेऊ नका, आणि शेजारी साधं पाणीही ठेवा. सोबत मऊ पेज, त्यात कुस्करलेलं अंडं. पीत नसेल तर चोचीच्या टोकाला थेंब लावा, ती गिळेल. घशात पिचकारी मारू नका, पाणी श्वासनलिकेत जाऊन धडधाकट कोंबडीही दगावते.

औषधांच्या बाटल्या

अ, ड, ई आणि बी-१२ जीवनसत्त्वं असलेलं एक पातळ औषध, १०० मिलिची बाटली, शंभर-दीडशे रुपयांत मिळते. आजारानंतर पाच-सात दिवस पाण्यातून दिलं तर उपयोग होतो. मानमोडीतून वाचलेल्या कोंबडीची मान वाकडी राहिली असेल तर डॉक्टर बी-कॉम्प्लेक्सही देतात. एवढं पुरे. लिव्हर टॉनिक, पिसं चमकवणारं टॉनिक, अंडं वाढवणारी पावडर, यांतलं काहीही स्टार्टर खाद्याच्या पाच रुपयांची बरोबरी करत नाही.

अँटिबायोटिकबद्दल मला काळजी वाटते. शंभर पक्ष्यांच्या पाण्यासाठी बनवलेली पुडी आणायची आणि एका कोंबडीच्या वाटीत चिमूटभर टाकायची, ही पद्धत सर्रास दिसते. चिमटीने मात्रा ठरत नाही. देवी आणि मानमोडी हे विषाणूंचे आजार, त्यांच्यावर अँटिबायोटिक चालत नाही. घरघरीवर चालतं, पण कोणतं आणि किती दिवस ते डॉक्टरने सांगायचं. कोलिस्टिन हे माणसांसाठी शेवटचं राखलेलं औषध केंद्र सरकारने २०१९ मध्ये कोंबड्या-जनावरांसाठी बंद केलं आहे. जुना साठा म्हणून कोणी देऊ लागलं तरी घेऊ नका. जे औषध दिलं असेल त्याचा अंश अंड्यात किती दिवस उतरतो ते डॉक्टरकडून लिहूनच घ्या आणि तेवढ्या दिवसांची अंडी टाकून द्या.

देवीच्या खपल्यांना हळद घातलेलं खोबरेल लावतात, त्याने त्या मऊ राहतात. नखाने काढू नका. तीन-चार आठवड्यांत त्या आपोआप गळतात. तोंडात किंवा घशात पिवळट चिवट थर असेल तर तो घरचा उपाय नव्हे, दवाखानाच.

जंतांचं औषध विष्ठा तपासल्यावर द्या. ते बहुधा दवाखान्यातूनच मिळतं, बाहेर वीस ते साठ रुपये पडतील. पिसांचे कोंब वर येत असताना फेनबेंडाझोल देऊ नये, पक्ष्यांमध्ये त्याने उगवणारी पिसं वेडीवाकडी येतात. डॉक्टरला "पिसं उगवताहेत" एवढं आठवणीने सांगा, ते दुसरं औषध निवडतील किंवा काही आठवडे थांबायला सांगतील. उवांसाठी राख आणि कोरडी माती भरलेलं घमेलं ठेवा, कोंबडी त्यात स्वतः लोळते. लाल माइट निघाले तर औषध कोंबडीवर ओतण्याआधी खुराड्यावर मारा. काठ्या बाहेर काढून उकळतं पाणी ओता, फटी बुजवा, चुना लावा, आणि आठ दिवसांनी हे सगळं पुन्हा करा, कारण पहिल्या फेरीतून वाचलेली अंडी तोवर फुटतात. पाच किलो चुन्याला शे-सव्वाशे रुपये.

बेरीज, आणि ती परवडते का

सरकारी दवाखाना धरला तर दहा आठवड्यांचं साडेसात किलो स्टार्टर खाद्य तीनशे-सव्वातीनशे, पहिल्या आठवड्याची अंडी-मटकी पन्नास, तूस आणि खोकं पन्नासच्या आत, जीवनसत्त्वं सव्वाशे, जंतांचं औषध पन्नास. सहाशेच्या आसपास झाले. थंड प्रदेशात बल्ब आणि वीज मिळून आणखी शंभर. शहरात खासगी डॉक्टर असेल तर हाच आकडा बाराशे ते सतराशेवर जातो. यातलं दीड-दोनशेचं धान्य तिने एरवीही खाल्लं असतं, म्हणजे जादा खर्च त्या मानाने कमी.

अंड्यावर आलेली नवी तलंग चारशे-पाचशेला मिळते. मग जुनीवर सहाशे का घालायचे? गावठी कोंबडी असेल तर माझं उत्तर स्पष्ट आहे: घालायचे. वर्षातून तीन-चार फेर, फेराला बारा-पंधरा अंडी, गावठी अंड्याला बारा ते पंधरा रुपये. एका वर्षात ती खर्च फेडते. एखादा फेर तिने खुडूक बसून उबवला तर आठ-दहा पिलं वेगळी. शिवाय जी आजारातून उठली तिने आपल्या परसातल्या रोगाला तोंड दिलेलं आहे. देवीतून उठलेल्या कोंबडीला देवी सहसा पुन्हा होत नाही. बाजारातून आणलेली तलंग नवा रोग घेऊन येऊ शकते. गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया यांसारख्या सुधारित जातींचं गणित वयावर ठरतं. पहिली किंवा दुसरी पीसगळ असेल तर जरूर सांभाळा. चौथ्या वर्षात अंडी इतकी कमी होतात की पैशांनी हिशेब बसत नाही. तिथे घरच्यांचा जीव किती गुंतला आहे तेच बघायचं.

आणखी एक खूण आहे. चांगली अंडी देणारी कोंबडी उशिरा झडते आणि भराभर झडते, सगळी पिसं एकदम टाकून दोन महिन्यांत नवी घालते. पावसाळ्याच्या सुरुवातीलाच झडू लागणारी आणि चार-चार महिने एकेक पीस टाकत राहणारी कोंबडी बहुधा कमी अंड्यांची. म्हणून सर्वांत भयानक दिसणारीला आधी निकालात काढू नका.

तीन आठवड्यांनी पुन्हा छातीचं हाड चाचपा. सामान अडकवून तोलायचा आकड्याचा काटा दोनशे-अडीचशेला मिळतो. कोंबडी कापडी पिशवीत घालून आठवड्याला एकदा वजन लिहून ठेवलं तर डोळ्यांना न दिसणारी घसरण कळते. पोटभर खाऊनही वजन उतरत असेल, कोंब येतच नसतील, तर आत काहीतरी चालू आहे. पुन्हा डॉक्टरकडे जा, टॉनिकच्या दुकानात नको.

परत कळपात

बरी झाली म्हणून तिला भर दुपारी बाकीच्यांत सोडू नका. आठ-दहा दिवसांत तिची जागा गेलेली असते आणि उघड्या कातडीवर लाल ठिपका दिसला की सगळ्या तुटून पडतात. आधी चार-पाच दिवस जाळीआड, सगळ्यांना दिसेल अशी ठेवा. मग रात्री अंधारात काठीवर नेऊन बसवा. सकाळी खाण्याची आणि पाण्याची भांडी एकाऐवजी दोन मांडा, म्हणजे दुबळीला पळवून लावलं तरी ती उपाशी राहत नाही. कोंबडा फार आडदांड असेल तर पिसं येईपर्यंत त्यालाच वेगळा कोंडा.

अंड्यासाठी घाई करू नका. दिवा लावून दिवस लांबवला तर अंडं लवकर येतं, पण अर्धवट पिसांच्या, नुकत्या उठलेल्या कोंबडीवर हा जुलूम आहे. तुरा लाल आणि गरम लागू लागला, ती कोपरे धुंडाळू लागली की आठ-दहा दिवसांत लेअर खाद्य थोडं थोडं मिसळत न्या. पीसगळीनंतरची अंडी संख्येने किंचित कमी, पण मोठी आणि पक्क्या कवचाची असतात.

पिसं पूर्ण आली आहेत आणि अंडं अजून सुरू झालेलं नाही, हे मधले दिवस मानमोडीच्या लशीला सोयीचे. आजारी किंवा झडत्या कोंबडीला लस देऊ नका, आणि जंत असतील तर ते आधी काढा. अडचण पैशांची नसते, कुपीची असते. कुपी शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची येते आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. पाच कोंबड्यांसाठी ती फोडली तर पंचाण्णव मात्रा वाया जातात आणि म्हणूनच लोक लस टाळतात. त्यापेक्षा वाडीतल्या सगळ्यांनी एक सकाळ ठरवावी, दवाखान्यात आधी सांगून ठेवावं, कुपी बर्फात ठेवूनच आणावी आणि घराघरांतून एका फेरीत सगळ्या कोंबड्या उरकाव्यात. घरटी दहा-वीस रुपयांत काम होतं.